मनीला काय कमी पडलं?

पहाटेचे साडेचार. हिंगोलीतल्या एखाद्या गल्लीत अजून दूधवाल्याची गाडी वाजलेली नसते, आणि उशाशी आवाज येतो, म्याव. पहिला नुसता विचारल्यासारखा. दुसरा जरा लांबवलेला. तिसऱ्याला कुणीतरी पांघरुणातूनच ‘शुक्’ म्हणतं, चौथ्याला चप्पल भिरकावली जाते, पाचव्याला आजी उठते आणि वाटीत दूध ओतते. घर पुन्हा घोरायला लागतं. दुसऱ्या दिवशी मनी चार वाजून वीस मिनिटांनीच हाक मारते.

यात चुकलं कोण? मनीचं तर काहीच चुकलं नाही. कोणत्या आवाजाला चप्पल येते आणि कितव्या आवाजाला वाटी येते, याचा हिशेब तिनं चोख ठेवला. आजीलाही बोल लावता येत नाही. मुका जीव ओरडत असताना लोळत पडणं तिच्या मनाला पटत नाही. चुकला तो प्रश्न. ‘हिला गप्प कसं करायचं?’ असं सगळं घर विचारतं, आणि ‘ही बोलते आहे कशासाठी?’ हे विचारायचं राहून जातं.

ही तक्रार वाढण्याला घरांचा बदलही कारण आहे. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात मांजर घरचं असलं तरी घरात कोंडलेलं नसे. कणगी आणि उतरंडीभोवतीचे उंदीर धरायचे, दुपारी ओसरीवर पाय ताणून झोपायचं, रात्री माळवदावरून शेजारच्या वाड्यात उतरायचं. ओरडलं तर आवाज उघड्यावर विरून जाई. आता स्लॅबचं घर, खिडक्यांना जाळ्या, दाराला लॅच. तेच मांजर, तोच आवाज, पण दहा बाय बाराच्या खोलीत. पूर्वी जे रात्रीच्या गलक्यात मिसळून जायचं ते आता थेट कानाशी येतं.

त्यावरचे सल्ले तीन प्रकारचे मिळतात. जुनी माणसं म्हणतात, रात्री मांजर रडणं बरं नव्हे, हाकलून द्या. शेजारीण म्हणते, भूक लागली असेल, दूध घाला. मोबाइलवरचा तज्ज्ञ म्हणतो, साफ दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल. पहिला सल्ला सोडून देऊ. उरलेले दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत, पण जागा चुकली की दोन्ही घातक ठरतात. आजारी मांजराकडे दुर्लक्ष करणं जितकं वाईट, तितकंच पोट भरलेल्या मांजराला प्रत्येक हाकेला दूध पाजणं. म्हणून उपायांची यादी पाठ करण्याआधी त्यांचा क्रम लावावा लागतो.

तो क्रम हिंगोली जिल्ह्याला परका नाही. याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. ही कथा इथलं पोर पाळण्यातच ऐकतं. कथेतला भक्तिभाव बाजूला ठेवला तरी त्यात एक पद्धत आहे. समोरचा जीव काय करतो आहे यावर चिडण्याआधी त्याला काय कमी पडलं ते बघायचं.

म्याव कुणासाठी?

घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात राहणारं रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे. ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. सोयाबीनच्या आणि हळदीच्या पोत्यांवर आज जे मांजर पहारा देत बसतं, त्याचा आणि आपला करार इतका जुना आहे.

या करारात मांजरानं एक भाषा घडवली. पिल्लू आईला म्याव करतं. मोठी झाल्यावर मांजरं एकमेकांशी बोलतात ती मुख्यतः वासानं, शेपटीनं, कानांच्या ठेवणीनं, नजरेनं. भांडताना फिस्कारतात, माद्या माजावर आल्या की हंबरल्यासारख्या ओरडतात. पण रोजचा साधा म्याव मोठी मांजरं एकमेकांसाठी क्वचितच वापरतात. तो त्यांनी माणसासाठी राखून ठेवला आहे. लहानपणी आईला मारलेली हाक मांजरं आयुष्यभर आपल्याला मारत राहतात, कारण ती लागू पडते.

मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९४४ साली मांजराच्या आवाजांची पहिली नीट वर्गवारी केली. तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले, असे तीन गट त्यांनी पाडले आणि त्यांत सोळा आवाज नोंदवले. पुढे २००३-०४ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात निकोलस निकास्ट्रो यांनी घरची मांजरं आणि आफ्रिकी रानमांजरं यांचे आवाज लोकांना ऐकवले. घरच्या मांजराचा म्याव आखूड, वरच्या पट्टीतला आणि माणसाच्या कानाला गोड निघाला. मात्र नुसता आवाज ऐकून हे मांजर भुकेलं आहे की दार उघड म्हणतं आहे, हे लोकांना अंदाजापेक्षा थोडंसंच बरं ओळखता आलं. ज्यांचा मांजरांशी सहवास होता, त्यांना जरा अधिक जमलं.

२००९ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅककॉम्ब यांनी आणखी एक गंमत दाखवली. खायला मागताना काही मांजरं घुरघुरतात, तेव्हा त्या खोल घुरघुरीत एक बारीक, उंच स्वर मिसळलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळचा. तो कानाला टोचतो आणि माणूस उठतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुझान शूट्झ यांनी म्यावचे हेलकावे मोजले. खायला मागतानाचा सूर शेवटी वर चढलेला आणि दवाखान्यात नेतानाचा सूर खाली पडलेला आढळला.

या सगळ्यांतून घरच्या माणसानं घ्यायची गोष्ट एकच. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मांजराची भाषा दर उंबऱ्याला बदलते. तिचा छापील कोश नाही, तो घरोघरी तयार होतो. म्हणून पहिला उपाय बाजारात मिळत नाही. एक जुनी वही घ्यावी आणि आठवडाभर चारच गोष्टी लिहाव्यात. मांजर किती वाजता ओरडलं, कुठे उभं राहून ओरडलं, त्याआधी घरात काय घडलं आणि नंतर आपण काय केलं. चौथा रकाना भरताना बहुतेकांना थोडं हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

आधी शरीर

गप्प राहणारं मांजर अचानक बोलकं झालं, किंवा आवाजाची जात बदलली, तर ‘सवय लागली’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. त्याचा आवाज हीच पुष्कळदा पहिली खूण असते.

सर्वांत तातडीची गोष्ट बोक्यांची. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, जोर करतो, ओरडतो, पण थेंबच येतो किंवा तोही येत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असतो, आणि असा बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. सकाळ होण्याची वाट पाहण्याजोगं हे दुखणं नाही.

वय वाढलेल्या मांजरात कारणं वेगळी. दहाच्या पुढे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की मांजर खातं भरपूर, तरी वाळत जातं, स्वस्थ बसत नाही आणि रात्री ओरडतं. मूत्रपिंडं थकली की तहान वाढते, रक्तदाब चढतो. ऐकू कमी येऊ लागलं की स्वतःचा आवाज स्वतःलाच कळत नाही आणि पट्टी चढते. काही म्हाताऱ्या मांजरांचं भान हरपतं. रात्री ती भिंतीकडे तोंड करून किंवा ओळखीच्याच खोलीत हरवल्यासारखी ओरडतात. दवाखान्यात रक्त आणि रक्तदाब तपासला की यातल्या बऱ्याच गोष्टी कळतात, आणि काहींवर औषधंही आहेत. भान हरपलेल्या मांजराला रात्री एक मंद दिवा, मातीचा किंवा वाळूचा ट्रे जवळ आणि अंथरूण तेच, तिथेच, एवढ्यानंही पुष्कळ धीर येतो.

इथे एक ताकीद मोठ्या अक्षरात लिहिण्यासारखी आहे. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. लेकराला ताप आला की जी गोळी आपण अर्धी करून देतो, तिचा तेवढा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो, कारण ते औषध पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधंही मांजराला विषासारखी.

दुसरी ताकीद माणसासाठी. मांजराचा आवाज घोगरा झाला, ते विनाकारण अंगावर येऊ लागलं, लाळ गाळू लागलं, तर हात लावू नये. रेबीज मांजरालाही होतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची भरत बसू नये. मांजराला रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देता येते.

आता अडचण अशी, की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस बैल, म्हैस आणि शेळ्यांत जातो. पिशवीतून मांजर घेऊन आलेल्या माणसाकडे रांगेतली मंडळी गमतीनं बघतात. बघू द्यावं. अवघड दुखण्यासाठी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, आणि पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारणा करता येते. नेताना मांजर झाकण असलेल्या, भोकांच्या टोपलीत घ्यावं, वर ओळखीच्या वासाचं जुनं लुगडं टाकावं; अर्धं ओरडणं तिथेच कमी होतं.

मग माज

शरीर धडधाकट, वय वर्षाच्या आतबाहेरचं, आणि तरी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं आहे. मांजर जमिनीवर लोळतं, मागचा भाग उचलून पाय चालवतं, दाराशी जाऊन लांब, ओढलेल्या सुरात ओरडतं. बाहेर दोन-तीन बोके त्याला जबाब देतात. हा आजार नव्हे. मांजर माजावर आलं आहे. पहिला माज चौथ्या-सहाव्या महिन्यातच येऊ शकतो. दिवस मोठे होऊ लागले की हा हंगाम भरात येतो. एक माज साधारण आठवडाभर टिकतो, आणि संयोग झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फिरून येतो. म्हणजे ‘थांबेल आपोआप’ म्हणणाऱ्याचं उन्हाळाभर जागरण ठरलेलं.

यावर टिकाऊ उपाय नसबंदीचा. बोक्याची केली तर त्याचं भटकणं, भांडणं आणि भिंतीवर फवारे मारणंही बहुधा कमी होतं. ‘एक वेत होऊ द्यावं, मग करावी’ हा समज घट्ट आहे, पण त्याला आधार नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरांत स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी आढळला आहे. माज दाबायची संप्रेरकांची इंजेक्शनं स्वस्त पडतात, म्हणून मागितली जातात. त्यांतून गर्भाशयात पू होणं आणि स्तनांत गाठी वाढणं हे धोके असतात. शस्त्रक्रियेचा एकदाचा खर्च त्यापुढे परवडतो.

नसबंदी टाळली की पुढचा आवाज ठरलेलाच. नऊ आठवड्यांनी पिल्लं, आणि मग ‘मांजर सात घरं फिरवते’ या म्हणीप्रमाणे तोंडात धरून त्यांची ने-आण. पिल्लं कुणी उचलून नेली की आई दोन-तीन दिवस कोनाडे धुंडाळत हाका मारते. त्या ओरडण्याला शिस्त लावायला निघणारा माणूस निराळाच म्हणायचा.

पोत्यात घालून कयाधू नदीपल्याड सोडून येणं हा जुना ‘उपाय’ अजून चालतो. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं मानणारी माणसंही सोडून येण्यात पाप धरत नाहीत. मांजर पुष्कळदा परत येतं, नाहीतर अनोळखी गावात कुत्र्यांच्या तोंडी जातं. उपासमारीनं किंवा तहानेनं प्राण्याचे हाल होतील अशा अवस्थेत त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

दूध-भाकरीचा प्रश्न

तिसरं कारण भुकेचं, आणि ते वाटतं तितकं साधं नाही. वाटीभर दूध-भाकरी खाऊनही मांजर तासाभरात ओरडतं, तेव्हा ‘किती हावरट’ म्हणून आपण मोकळे होतो. पण मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला अन्नातूनच घ्यावा लागतो; तो मांसात आणि माशांत असतो, भाकरीत नसतो. तो कमी पडत राहिला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय खराब होतं. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली अमेरिकेत लक्षात आला. दुधाचं तर आणखी वेगळं. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही; पोट गुरगुरतं, जुलाब होतात. चित्रातलं मांजर दुधाच्या वाटीशी बसलेलं असलं, तरी खऱ्या मांजराला स्वच्छ पाणी आणि मांस लागतं.

माळकरी घरात हा प्रश्न अडचणीचा होतो. चुलीला मांस लागत नाही, आणि लागू नये हा त्या घराचा अधिकार. पूर्वी ती अडचण मांजर स्वतःच उंदरावर सोडवून घ्यायचं. आता जाळीबंद घरात उंदीरही नाही आणि बाहेरची वाटही नाही. अशा घरात मांजरांसाठीचं तयार संपूर्ण खाद्य हा सुटसुटीत मार्ग आहे. ते शिजवावं लागत नाही आणि वेगळ्या भांड्यात ठेवता येतं. जिथे मांसाहार चालतो तिथेही कांदा-लसणाचा रस्सा घालू नये. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी मोडतात. दिवसातून एकदा रग्गड घालण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडं थोडं घालावं, कारण रानातलं मांजर दिवसभर लहान लहान शिकारींवर जगतं.

मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा आवाज तहानेचाही असतो. पाण्याची दोन-तीन भांडी, अन्नापासून दूर, सावलीत. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर मात्र गंभीर स्थितीत असतं. त्याला थंड जागी नेऊन लगेच डॉक्टर गाठावा.

घर आणि एकटेपण

शरीर, माज आणि पोट यांची झडती झाली, तरी ओरडणं उरलं, तर घराकडे वळावं. घाणीच्या ट्रेची माती तीन दिवस बदललेली नसते. आवडत्या खिडकीपुढे नवं कपाट आलेलं असतं. पाहुण्यांचं पोर शेपटी ओढत असतं. मांजराला ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला २०च्या आसपासच. त्यामुळे दसऱ्या-दिवाळीच्या फटाक्यांत आपल्याला गंमत वाटते ती त्याला आभाळ कोसळल्यासारखी. त्या रात्री पलंगाखाली गोधडी टाकून द्यावी आणि ओढून बाहेर काढू नये.

एकटेपण हेही कारणच. मांजर अलिप्त असतं असं आपण धरून चालतो. पण २०१९ मध्ये जपानी संशोधक अत्सुको साइतो यांनी दाखवलं की घरची मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. मालकाचा आवाजही परक्या आवाजापासून निराळा ओळखतात, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. जी आपला आवाज ओळखते, तिला तो नसल्याचंही कळतं. ऊसतोडीला कुटुंब गेल्यावर कुलपाशी बसून ओरडणारं मांजर मराठवाड्यात ज्यानं पाहिलं आहे, त्याला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जाणाऱ्यानं शेजारी अन्नपाणी ठरवून जावं, एवढं तरी जमतं.

आणि शेवटी सवय

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल, तरच मोबाइलवरच्या तज्ज्ञाचा सल्ला कामाचा. आता उरलं आहे ते आपणच शिकवलेलं ओरडणं.

मांजर निसर्गतः पहाटे आणि संध्याकाळी चपळ असतं. उंदीरही तेव्हा बाहेर असतात. म्हणजे साडेचारला तिला जाग येणारच. तेव्हा आपण उठायचं की नाही, एवढंच आपल्या हाती. झोपण्याआधी पंधरा मिनिटं दोरीला कापडाची गुंडी बांधून तिला पळवावं, झडप घालू द्यावी, दमवावं, आणि लगेच रात्रीचं शेवटचं खाणं द्यावं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा तिचा मूळ क्रम. सकाळचं खाणं उठल्या उठल्या देऊ नये. आंघोळ, चहा झाल्यावर द्यावं, म्हणजे आपलं उठणं आणि तिची वाटी यांची गाठ सुटते. दिवसा ती गप्प बसलेली असताना हाक मारून गोंजारावं. आपण नेमकं उलटं करतो. गप्प मांजर दिसत नाही, ओरडणारं मात्र सगळ्यांना दिसतं.

मग पहाटेच्या हाकेला उत्तर द्यायचं नाही. ‘शुक्’ नाही, चप्पल नाही, दिवाही नाही. मांजराच्या हिशेबात रागावणं हेसुद्धा उत्तरच असतं. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. नेहमीचा नळ उघडला नाही की माणूस तोटी जोरात फिरवतो, तसं. याच दिवसांत घर हरतं. सहाव्या दिवशी कुणीतरी कंटाळून उठतं आणि मनीला कळतं की आता पाच नव्हे, पन्नास म्याव लागतात. म्हणून ठरवायचं तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि आधी आजीला विश्वासात घ्यावं.

बाजारात गंधाच्या कुप्या, शांत करणारे पट्टे आणि थेंब मिळतात. कृत्रिम गंधांचे अभ्यास काहींत अनुकूल, काहींत निष्फळ निघाले आहेत. फार आशा ठेवून पैसे घालू नयेत. शामक औषध डॉक्टरांच्या हातूनच. तोंडावर पाणी मारणं, अंधारात कोंडणं, पाठीत रट्टा घालणं यांनी ओरडणं थांबल्यासारखं वाटतं. पुष्कळदा मांजर फक्त त्या माणसाला टाळायला शिकतं.

नामदेवांच्या हातात वाटी होती, आजीच्याही हातात वाटीच आहे. फरक वेळेचा आणि हेतूचा. नामदेवांची वाटी कुत्र्याला जे कमी पडलं त्याच्यामागे धावली; पहाटेची आपली वाटी आपल्या झोपेमागे धावते. आजीला वाटी ठेवून द्यायला सांगू नये, ती ऐकणारही नाही. एवढंच सांगावं, की दुधाऐवजी मनीचं खाणं घाल, रात्री दहाला घाल, आणि ती ओरडायच्या आधी घाल.